ओढ्याला वाली कोण?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी प्रसिद्ध केली. ३५१ पट्ट्यांच्या त्या यादीत ५३ पट्टे एकट्या महाराष्ट्रातले होते. मिठी, मुळा, मुठा, पवना ही नावे तीत असणार हे कोणालाही ठाऊक होते. महानगरांनी त्या नद्यांची गटारे करून टाकल्याला आता दोन पिढ्या लोटल्या. पण त्याच यादीत कृष्णेच्या जोडीला वेण्णा होती, उरमोडी होती, कोयनाही होती. हे वाचून सातारा जिल्ह्याला धक्का बसायला हवा होता. तसा तो बसल्याचे दिसले नाही.

वेण्णा ही महाबळेश्वरची नदी. लिंगमळ्याच्या कड्यावरून उडी घेऊन ती मेढ्याच्या खोऱ्यात उतरते आणि कण्हेरचे धरण ओलांडून क्षेत्र माहुलीला कृष्णेच्या कुशीत शिरते. ज्या महाबळेश्वर-पाचगणी परिसराला केंद्र शासनाने २००१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केले, त्या परिसरात तिचा जन्म होतो. उरमोडीचे माहेर कासचे पठार. या पठाराचा २०१२ साली जागतिक वारसास्थळांत समावेश झाला, त्याचा सातारकरांना सार्थ अभिमान आहे. समर्थांच्या सज्जनगडावरून खाली पाहिले की दिसतो तो जलाशय याच उरमोडीचा. या दोन्ही नद्यांच्या उगमाकडे ना महानगर आहे, ना अवजड उद्योग. असे असूनही अवघ्या काही कोसांच्या प्रवासात त्यांचे पाणी देशाच्या प्रदूषित यादीत जाऊन बसावे, याचा अर्थ काय?

मंडळाची वर्गवारी थोडी समजून घेतली पाहिजे. पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू खातात. एक लिटर पाण्यातील घाणीला असा किती मिलिग्रॅम प्राणवायू लागेल, या मोजमापाला व्यवहारात बीओडी म्हणतात. नदीचे पाणी स्नानास योग्य म्हणायचे तर हा आकडा ३ च्या आत हवा. कोयना ज्या चौथ्या वर्गात होती, त्यात तो ६ ते १० असतो. कृष्णा, वेण्णा आणि उरमोडी ज्या तिसऱ्या वर्गात होत्या, त्यात १० ते २०. सातारा जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी नीरा तर पहिल्या, म्हणजे सर्वांत वाईट वर्गात होती. तेथे हा आकडा ३० च्या वर जातो. प्रक्रिया केलेले सांडपाणी नदीनाल्यांत सोडण्यासाठी कायद्याने घातलेली मर्यादा ३० ची आहे. म्हणजे नीरेच्या त्या पट्ट्यातील पाणी शुद्ध करून सोडलेल्या सांडपाण्याहूनही खालच्या प्रतीचे ठरले. दरवर्षी आषाढवारीत ज्ञानोबामाउलींच्या पादुकांना सातारा जिल्ह्यात प्रवेश करताना स्नान घडते, ते याच नीरेत.

राष्ट्रीय हरित लवादाने सप्टेंबर २०१८ मध्ये या यादीची स्वतःहून दखल घेतली. प्रत्येक राज्याने नदी पुनरुज्जीवन समिती नेमावी, कृती आराखडे करावेत, असे आदेश निघाले. समित्या झाल्या, आराखडेही झाले. त्यानंतर २०२२ मध्ये मंडळाने नवी यादी काढली तेव्हा देशातील पट्टे ३५१ वरून ३११ वर आले होते, महाराष्ट्रातले मात्र ५३ वरून ५५ झाले होते. देशात सर्वाधिक प्रदूषित पट्टे असलेले राज्य हे आपले स्थान महाराष्ट्राने राखले.

याचे एक कारण असे, की आपल्याकडे नदी म्हटली की मोठी नदी डोळ्यांपुढे येते. योजना कृष्णेच्या नावाने होतात, निधी कृष्णेच्या नावाने येतो. राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेत कऱ्हाड आणि सांगली या शहरांची नावे गेल्या शतकातच आली. परंतु कृष्णा ज्या शेकडो ओढ्यानाल्यांनी आणि उपनद्यांनी भरते, त्यांच्याकडे पाहण्याची कोणाला गरज वाटत नाही. घाण जन्माला येते ती ओढ्यात. मोजली जाते मोठ्या नदीत, जेथे धरणातून सोडलेल्या पाण्याने ती पातळ झालेली असते. पाणी भरपूर असते तेव्हा आकडे बरे दिसतात आणि सारे आलबेल असल्याचा निर्वाळा मिळतो. ज्या गावाच्या दारातून तो ओढा जातो, त्या गावाचे आकडे कोणत्याही तक्त्यात येत नाहीत.

कायदा याबाबतीत समाजापेक्षा अधिक डोळस आहे, हे आवर्जून सांगितले पाहिजे. १९७४ च्या जलप्रदूषण प्रतिबंध कायद्यात ‘प्रवाह’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तीत नदी येते, वाहता ओढा येतो आणि काही काळापुरता कोरडा पडलेला ओढाही येतो. भूगर्भातील पाणीसुद्धा त्यात येते. या सर्वांत विषारी किंवा दूषित द्रव्य सोडणे हा गुन्हा आहे. महाराष्ट्राने तर केंद्राच्याही आधी, १९६९ मध्ये, स्वतःचा कायदा केला आणि १९७० मध्ये राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन केले. अर्धशतकाहून अधिक काळ कोरड्या ओढ्यालाही कायद्याचे संरक्षण आहे. संरक्षण मागायला ओढ्याच्या वतीने कोणी उभे राहत नाही, इतकेच.

सातारा-सांगलीतील लहान नद्या मुळातच दुबळ्या. खटाव तालुक्यातून निघून ब्रह्मनाळला कृष्णेला मिळणारी येरळा, खानापूरच्या माळावरून तासगाव, कवठेमहांकाळमार्गे कर्नाटकात जाणारी अग्रणी, माणदेशाला नाव देणारी माण या पर्जन्यछायेतल्या नद्या. पावसाळ्यात काही दिवस दुथडी भरून वाहाव्यात आणि उरलेले वर्ष वाळूखालून झिरपावे, हा त्यांचा स्वभाव. जुन्या पिढीतील स्त्रिया वाळूत झिरा खणून वाटीवाटीने घागर भरत, ते पाणी नितळ असे. कारण वाळूचा जाड थर हीच त्या नदीची गाळणी होती. ती वाळू बांधकामांसाठी उपसली गेली आणि कित्येक ठिकाणी पात्राचा खडक उघडा पडला. गाळणी गेलेल्या त्या पात्रांत आता गावांचे सांडपाणी, दूध प्रक्रियेचे पाणी, कुक्कुटपालनाची घाण आणि शेतांतून वाहून येणारी खते-औषधे येऊन पडतात. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बरगे घातले की उन्हाळ्यात तेच पाणी आठवडेच्या आठवडे साचून राहते. बंधारा ही शेतीची गरज आहे, त्याला दोष देण्याचे कारण नाही. मात्र वाहत्या नदीत जी घाण पचते ती साचलेल्या डोहात कुजते, याचा हिशेब बंधारे बांधताना कोणी मांडला नाही.

येरळेच्याच काठी, बलवडी-तांदुळवाडीच्या ग्रामस्थांनी १९८० च्या दशकात नदीतील वाळूचा बेसुमार उपसा रोखण्यासाठी आणि मर्यादित वाळू विकून त्या पैशातून स्वतःचे धरण बांधण्यासाठी लढा दिला होता. बळीराजा धरण या नावाने ते ओळखले जाते. त्या चळवळीचे नेतृत्व डाव्या विचारांचे होते. विचार भिन्न असले तरी नदीवर गावाचा हक्क आणि गावावर नदीची जबाबदारी असते, हे त्या ग्रामस्थांनी चाळीस वर्षांपूर्वी ओळखले, याची नोंद घेतलीच पाहिजे.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. या दोन जिल्ह्यांचे अर्थकारण उसाभोवती फिरते. साखर कारखान्यांनी कृष्णाकाठी शाळा, महाविद्यालये, रस्ते, दवाखाने आणले. शेतकऱ्याच्या हातात पैसा दिला. सहकारातील राजकारणावर टीका करताना हे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु साखरेबरोबर मळी निघते, मळीपासून आसवनीत मद्यार्क काढला जातो आणि उरते ते तांबडे-काळे, आम्लधर्मी, उग्र वासाचे पाणी. याला कारखान्यात स्पेंटवॉश म्हणतात. एक लिटर मद्यार्कामागे साधारण आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश निघतो. घरगुती सांडपाण्याचा बीओडी दोनशे-तीनशे असतो, तर प्रक्रिया न केलेल्या स्पेंटवॉशचा चाळीस-पन्नास हजारांच्या घरात जातो. हिशेब सोपा आहे. ४५ हजार बीओडीचा एक लिटर स्पेंटवॉश स्नानयोग्य पातळीवर आणायचा तर त्यात किमान पंधरा हजार लिटर निर्मळ पाणी मिसळावे लागेल. येरळेत किंवा एखाद्या ओढ्यात एप्रिल महिन्यात इतके पाणी असते तरी का? एक टँकर रात्री ओढ्यात रिकामा झाला तर त्या ओढ्यातील प्राणवायू काही तासांत संपतो आणि सकाळी मासे पोट वर करून तरंगताना दिसतात.

नियम कडक आहेत. आसवनीने एक थेंबही बाहेर सोडू नये, असे बंधन आहे. हे पाणी आटवून घट्ट करावे, बाष्पकात जाळावे किंवा प्रेसमडमध्ये मिसळून त्याचे खत करावे, अशा पद्धती ठरलेल्या आहेत आणि अनेक कारखान्यांनी त्यासाठी कोट्यवधी रुपये खर्चून यंत्रणा उभारल्या आहेत. जेथे यंत्रणा नीट चालते, तेथे तक्रार उरत नाही. परंतु यंत्रणा चालवायला वीज लागते, वाफ लागते, माणसे लागतात. ती बंद ठेवली तर पैसे वाचतात आणि साठवण तलाव भरले की पहिल्या मोठ्या पावसाची वाट पाहिली जाते, अशी नदीकाठच्या गावांची जुनी तक्रार आहे. २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोन वर्षे सांगलीच्या परिसरात कृष्णेत मृत माशांचा खच पडला. प्रकरण हरित लवादापर्यंत गेले. महापालिकेचे सांडपाणी आणि साखर-आसवनी उद्योगाचे दूषित पाणी या दोन्हींकडे तेव्हा बोट दाखवले गेले आणि दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे बोट दाखवण्याचा परिपाठही पार पडला. भोई-कोळी कुटुंबांच्या जाळ्यांत पुढचे कित्येक दिवस काय आले असेल, याची चौकशी मात्र कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

इथेनॉलचा प्रश्न येथे टाळता येणार नाही. परदेशी खनिज तेलावरील अवलंबन कमी करण्यासाठी पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे धोरण देशहिताचेच आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के मिश्रणाचे जे उद्दिष्ट मुळात २०३० साठी ठरले होते, ते देशाने २०२५ मध्येच गाठले. शेतकऱ्याला त्यातून चार पैसे अधिक मिळाले, कारखान्यांना साखरेच्या पडत्या भावातून बाहेर पडण्याचा मार्ग सापडला. परंतु आसवन्यांची क्षमता वाढली की स्पेंटवॉशही त्याच पटीत वाढतो, हे साधे गणित आहे. धोरण राष्ट्राचे, लाभ साऱ्यांचा आणि त्याचे विष मात्र एका ओढ्याकाठच्या दहा गावांनी प्यायचे, ही वाटणी न्यायाची नाही. स्वदेशी इंधनाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी तर हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा.

यातली खरी विसंगती पुढेच आहे. आपण ओढ्यात जे सोडतो, त्यात पालाश असते. भारत आपल्या गरजेचे जवळजवळ सारे पोटॅश परदेशांतून विकत आणतो. स्पेंटवॉश जाळल्यावर उरणाऱ्या राखेपासून पोटॅश खत करता येते. २०२१ पासून केंद्र शासनाने अशा मळीजन्य पोटॅशला अन्नद्रव्याधारित अनुदान योजनेत स्थान दिले आहे. म्हणजे एकीकडे परकीय चलन मोजून जे खत आणायचे, तेच दुसरीकडे नदीत ओतून मासे मारायचे. यात नफा कोणाचा होतो, हे कारखान्याच्या ताळेबंदात शोधूनही सापडणार नाही.

सहकारी कारखान्याचा मालक तांत्रिकदृष्ट्या सभासद शेतकरी असतो आणि नदीकाठी राहून तेच पाणी पिणाराही तोच असतो. कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा भरते, तेव्हा उसाला दर किती यावर सभामंडप दणाणतो, प्रसंगी खुर्च्याही उडतात. ते स्वाभाविक आहे. पण सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा वर्षातून किती दिवस चालली, तिचे वीजबिल किती आले, स्पेंटवॉश किती निघाला आणि तो कोठे गेला, हे चार प्रश्न त्याच सभेत सभासदाने विचारले तर संचालक मंडळाला उत्तर देणे भाग पडेल. वीजबिल खोटे बोलत नाही. दरासाठी रस्ता रोखणारा शेतकरी पाण्यासाठी नुसता हात वर करू लागला तरी बरेच काही बदलेल.

उसाच्या शेतातले रसायनही लहान गोष्ट नाही. पोत्यावर पोते युरिया टाकण्याच्या सवयीने आणि पाटाने मोकळे पाणी देण्याने कृष्णाकाठची काळी जमीन वाळवा, मिरज, पलूस या तालुक्यांत हजारो एकरांनी खारवट होऊन पडली, हे सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे. पिकाने न घेतलेले नत्र पाण्याबरोबर झिरपून नायट्रेटच्या रूपाने विहिरीत आणि ओढ्यात उतरते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. ती ओलांडली तर सर्वाधिक धोका वरच्या दुधावरच्या तान्ह्या मुलांना असतो, कारण त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्तीच त्याने घटते. उसातील तण मारण्यासाठी ॲट्राझिन, टू-फोर-डी यांसारखी तणनाशके सर्रास फवारली जातात. पावसाच्या पहिल्या सरीला ती कोठे जातात, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नाही.

द्राक्षांची कथा याहून उद्बोधक आहे. तासगाव, पलूस, मिरज, कवठेमहांकाळ भागातील बागायतदारांनी जिद्दीने युरोपची बाजारपेठ मिळवली. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढनियंत्रकाचा अंश आढळला म्हणून युरोपने भारतीय द्राक्षे अडवली आणि निर्यातदार-बागायतदारांना मोठा फटका बसला. त्यातून आपण धडा घेतला. आज निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंद होते, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुने तपासले जातात, पेटीवरून बागेपर्यंत माग काढता येतो. नेदरलँड्समधील गृहिणीच्या ताटात पडणाऱ्या द्राक्षात औषधाचा कणभरही अंश अधिक नाही, याची खात्री देणारी व्यवस्था आपण उभी केली. ही साधी गोष्ट नव्हे. पण त्याच बागेवर फवारलेले मोरचूद आणि कीटकनाशक पावसाने धुऊन अग्रणीत किंवा येरळेत उतरते, त्या पाण्याचा नमुना कोण तपासतो? बाहेरच्या ग्राहकाच्या आरोग्यासाठी जे जमले, ते शेजारच्या वाडीतील लेकरांसाठी जमणार नाही असे थोडेच आहे?

शहरांचे काय, हा प्रश्न येथे येईलच. सातारा शहर अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलेले. डोंगरातून निघणारे त्याचे ओढे शहराची घाण पोटात घेऊन वेण्णा-कृष्णेकडे धावतात. सांगलीचा शेरीनाला तर राजकारणातला वाक्प्रचारच होऊन बसला आहे. रानातल्या पावसाचे पाणी वाहून नेणारा हा एक साधा ओढा. शहर वाढले तसे त्याचे गटार झाले आणि ते गटार, सांगली ज्या कृष्णेचे पाणी पिते तिलाच जाऊन मिळू लागले. ते सांडपाणी उचलून धुळगावच्या माळावर नेऊन, शुद्ध करून शेतीला देण्याची योजना आखली गेली. कल्पना उत्तमच होती. परंतु निवडणुकांमागून निवडणुका झाल्या, आश्वासने झाली आणि शेरीनाल्याचे पाणी कृष्णेत जाणे थांबले नाही. सांगली, मिरज आणि कुपवाड ही तीन शहरे एकत्र करून १९९८ मध्ये महापालिका झाली; २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या पाच लाखांच्या पुढे होती. इतक्या मोठ्या शहराला एका ओढ्याचा प्रश्न दोन-तीन दशकांत सोडवता येऊ नये, यावर अधिक लिहिण्याची आवश्यकता नाही.

मोठ्या नदीच्या भरवशावर राहण्याचे दिवसही आता सरत चालले आहेत. उन्हाळ्यात सांगलीपर्यंत कृष्णेत जे पाणी दिसते, ते बव्हंशी कोयनेतून सोडलेले. कोयनेचे ६७.५ अब्ज घनफूट पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवण्याची मुभा बच्छावत लवादाने दिलेली आहे. उरलेल्यात सिंचन, पिणे आणि आता नदी वाहती ठेवणे, सारे भागवायचे. २०२३ च्या अपुऱ्या पावसानंतर कोयनेतून पाणी सोडण्यावरून सातारा आणि सांगली यांत वाद पेटला आणि सांगलीजवळ कृष्णेचे पात्र कोरडे पडल्याचे लोकांनी पाहिले. दुसरीकडे टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजनांतून कृष्णेचे पाणी उचलून दुष्काळी पट्ट्यात नेले जाते आणि त्यातले काही येरळा, अग्रणी, माण यांच्या पात्रांत सोडले जाते. दुष्काळी जनतेची तहान त्याने भागली, ही मोठीच गोष्ट. मात्र वरच्या ओढ्यांनी कृष्णेत ओतलेले तेच पाणी पंपांनी उचलून पुन्हा आटपाडी-जतच्या तलावांत पोहोचते, हेही विसरता येत नाही.

गावच्या पाणीयोजनेत काय होते, ते पाहा. नदीकाठची विहीर किंवा जॅकवेल, त्यातून टाकी, टाकीत टीसीएल पावडर. शिपाई ऑर्थोटोलिडीनचे दोन थेंब टाकून पाणी पिवळे झाले की नोंदवहीत सही करतो. टीसीएलने जंतू मरतात, हे खरे. परंतु नायट्रेट, तणनाशक, स्पेंटवॉशमधील क्षार यांतले काहीही टीसीएलने जात नाही. उलट सेंद्रिय घाणीशी क्लोरीनचा संयोग झाला तर नवी अपायकारक संयुगे तयार होतात. आणि घाण फार झाली की जंतूंसाठीही पावडर पुरी पडत नाही. शेजारच्या इचलकरंजीत २०१२ च्या उन्हाळ्यात दूषित पाण्यामुळे काविळीची साथ आली, अनेकांचे प्राण गेले, तेव्हा कोठे पंचगंगेच्या प्रदूषणाचा विषय साऱ्या राज्याच्या कानांवर गेला. सातारा-सांगलीतील गावांनी अशा वेळेची वाट पाहू नये.

साधने हाताशी आहेत. जलजीवन मिशनमध्ये गावोगाव पाच महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण द्यावयाचे आणि तपासणी पेटी पुरवायची, अशी तरतूद आहे. त्या पेटीत नायट्रेट, क्लोराईड, सामू, गढूळपणा हे सारे घरच्या घरी तपासता येते. कीटकनाशकाचा अंश त्यात कळत नाही, त्यासाठी प्रयोगशाळाच लागते; पण पाण्यात काहीतरी बिघडले आहे हे कळायला ही पेटी पुरेशी आहे. अनेक ठिकाणी ती ग्रामपंचायतीच्या कपाटात धूळ खात पडलेली असते. गणेशोत्सवात मंडप उभारणारे तरुण मंडळ, हळदीकुंकवाला जमणारा महिला वर्ग, शाळेतला विज्ञानाचा शिक्षक यांनी महिन्यातून एकदा ओढ्याच्या तोंडाशी आणि गावच्या विहिरीवर ही तपासणी केली आणि आकडे चावडीच्या फळ्यावर लिहिले, तर वर्षभरात गावाजवळ अशी नोंद होईल जी मंडळाकडेही नसेल. २ ऑक्टोबर २०२२ रोजी राज्य शासनाने ‘चला जाणूया नदीला’ हे अभियान सुरू केले, त्याचाही उपयोग यासाठी होऊ शकतो. नदीची यात्रा काढून, कलशपूजन करून थांबायचे की पुढे जायचे, हे गावाने ठरवायचे आहे.

वाईला शतकांची परंपरा असलेला कृष्णाबाईचा उत्सव घाटाघाटांवर आजही भक्तिभावाने होतो. ज्या समाजाने नदीला आई म्हटले, ओटी भरली, त्याच समाजाच्या घरांची गटारे तिच्यात जावीत आणि आरतीच्या वेळी नाकाला रुमाल लावावा लागावा, याचे उत्तर कोणा परक्याकडे मागता येणार नाही. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती आणि त्यांवरील रासायनिक रंग यांबाबतही शाडूचा आग्रह धरणाऱ्याला धर्मविरोधी ठरवण्याची एक हौस मध्यंतरी आली होती. पार्थिव गणेश मातीचा असतो, हे सांगायला शास्त्राचा आधार पुरेसा आहे.

ऱ्हाईन नदीचे उदाहरण येथे आठवते. १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमध्ये बाझलजवळ एका रासायनिक कंपनीच्या गोदामाला आग लागली आणि ती विझवताना वापरलेले पाणी कीटकनाशके घेऊन नदीत उतरले. शेकडो किलोमीटरपर्यंत मासे मेले. नदीकाठच्या देशांनी पुढच्याच वर्षी एकत्र येऊन ठरवले, की २००० सालापर्यंत या नदीत साल्मन मासा परत आला पाहिजे. नदी सुधारली की नाही, हे कोणाच्या अहवालावरून ठरवायचे नाही, माशावरून ठरवायचे. अनेक देशांतून वाहणाऱ्या नदीसाठी त्यांना हे जमले. येथे तर दोनच जिल्हे आहेत आणि तरीही साताऱ्याचे प्रदूषण मंडळ कार्यालय पुणे विभागात, सांगलीचे कोल्हापूर विभागात! एकाच कृष्णेचे दोन हिशेब दोन वह्यांत ठेवले जातात. वांब आणि मरळ यांनी कोणत्या विभागाकडे दाद मागावी?

तक्रार करणाऱ्याची अडचणही लक्षात घेतली पाहिजे. गावकऱ्याने बाटलीत भरून आणलेले काळे पाणी न्यायालयात पुरावा ठरत नाही. मंडळाच्या अधिकाऱ्याने विहित पद्धतीने, कारखान्याला सूचना देऊन घेतलेला नमुनाच ग्राह्य धरला जातो. अधिकारी येईपर्यंत ओढा वाहून गेलेला असतो. म्हणूनच नियमित नोंदी महत्त्वाच्या. कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी पाणी बिघडते हे कळले तर अधिकाऱ्याला त्या वेळी बोलावता येते. दुसरी एक तरतूद फारशी कोणाला ठाऊक नाही. कोणत्या कारखान्याला किती पाणी, कोणत्या अटींवर, कोठे सोडण्याची संमती दिली आहे याची नोंदवही मंडळाने ठेवावी आणि ज्याचा संबंध पोहोचतो अशा कोणाही व्यक्तीला ती कार्यालयीन वेळेत पाहू द्यावी, असे १९७४ च्या कायद्याचे कलम २५ सांगते. त्यासाठी वकील लागत नाही. माहुली हे रामशास्त्री प्रभुण्यांचे गाव आहे. वेण्णा-कृष्णेचा संगमही तेथेच आहे. कारखान्यांची धुराडी पेटण्यापूर्वी, दसऱ्याच्या आत, माहुलीपासून ब्रह्मनाळपर्यंतच्या प्रत्येक गावातील दोघातिघांनी मंडळाच्या कार्यालयात जाऊन आपापल्या ओढ्यापुरती ती नोंदवही पाहून यावी आणि तीत लिहिलेले आकडे ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावेत.